पश्चिमेचा ऊस

घर मी आधी कॉम्प्युटरमध्ये बांधते. भिंती, खिडक्या, छप्पर, विटा, सगळं आत घालायचं आणि हव्या त्या महिन्याचा सूर्य त्या घरावरून फिरवायचा. कुठली खोली किती तापते, सिमेंट किती लागतं, पंख्याशिवाय भागेल का, सगळं समोर दिसतं. कोल्हापुरात याचं फारसं कुणाला कौतुक नाही. "मॅडम, पुढनं भारी दिसाय पायजे, बाकी ऱ्हाऊ दे की," म्हणणारेच जास्त. मी चिडते. स्वभावच तसा आहे, काय करणार?

म्हणून गडमुडशिंगीच्या एक मावशी ऑफिसात येऊन "घर गार पायजे, दुसरं काय बी नको," म्हणाल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं. त्यांच्या नवऱ्याचं सगळं आयुष्य इचलकरंजीत मागावर गेलं होतं आणि कापसाची धूळ छातीत बसली होती. उकाडा वाढला की काकांना धाप लागायची. उन्हाळ्यात पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत त्यांना आडवंच होता यायचं नाही, सगळी दुपार ते भिंतीला टेकून बसून काढायचे. आता मावशींच्या माहेरच्या वाटणीतल्या तुकड्यावर दोघांना म्हातारपणाचं घर बांधायचं होतं.

मी हौसेनं तीन घरं केली. एक नेहमीचं स्लॅबचं, एक जांभ्या दगडाचं आणि एक तिथल्याच मातीच्या विटांचं, वर कौलं. तिसऱ्यानं बाकी दोन्हींना मागं टाकलं. त्याला सिमेंट सगळ्यात कमी लागत होतं आणि त्यातली पश्चिमेची खोली तर सगळ्यात गार होती. पश्चिमेची खोली आणि गार, हे ऐकूनच मला शंका यायला हवी होती. पण जागा बघायला मी दिवाळीत गेले होते. पश्चिमेला बांधाला लागून मावशींच्या भावाचा ऊस पुरुषभर उंच उभा होता. तो मी जसाच्या तसा हिरवा करून मॉडेलात घातला होता, आणि त्याच्या सावलीत काकांची खाट टाकली होती.

दोघं बघायला आली. तांबडं म्हणजे गरम, निळं म्हणजे गार, एवढं मी सांगितलं. काका बराच वेळ त्या निळ्या खोलीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हितं झोप लागंल."

मी फुशारून गेले. मावशींनी चष्मा लावला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे हिरवं काय हाय?"

"तुमच्या भावाचा ऊस, मावशी."

"आन म्हैना कुठला लावलाय?"

"मे."

"भावाचा ऊस तर शिमग्याआधी जातोय की. मे म्हैन्यात ह्यास्नी सावली कशाची?"

मी शिरोळची, उसातच वाढलेली. तोड झाली की रान उघडं पडतं, पाचट पेटवलं की धूर घरात शिरतो आणि मे महिन्यात बुडख्यांतून परत फुटलेला खोडवा जेमतेम गुडघ्याला लागतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण ऊस जन्मापासून डोळ्यांसमोर, तो कायमचाच असल्यासारखा मी काढून मोकळी झाले. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? कॉम्प्युटरवर चिडायचीही सोय नव्हती.

त्यांच्यासमोरच ऊस पुसला. निळी खोली बघता बघता तांबडी झाली.

"गेली व्हय?" काका म्हणाले. त्या दोन शब्दांनी मला इतकी लाज वाटली, की वर बघवेना.

मावशी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. "चुकतंय की माणूस. आता नीट करू," म्हणाल्या. पश्चिमेला न्हाणी आणि सरपणाची खोली घेतली, त्या भिंतीला एकही खिडकी ठेवली नाही. काकांची खाट ईशान्येला गेली. तिथला निळा रंग आधीपेक्षा फिका होता, तसं मी काकांना स्पष्ट सांगितलं. ते नुसते हसले.

घर झालं. पुढच्या मे महिन्यात मी भर दुपारी तिकडं गेले, खोली गार राहते का ते विचारायला. पश्चिमेला रान उघडं पडलं होतं, खोडवा गुडघ्याएवढाच होता. मावशी दारातच होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू या. झोपल्यात."

चपला काढून मी आत डोकावले. काका भिंतीला टेकलेले नव्हते. खाटेवर कुशीवर आडवे होते.