दोन्हीकडे शेपटी

"सूर्य कुठाय, मामा?"

"शेपटी डबल आली की अम्मा! आणखी काय पाहिजे?"

"सूर्याच्या जागी शेपटी आलीय!"

ऋतुजानं भिंतीवर टांगायचं ते विणलेलं कापड उलगडून धरलं. मधोमध धूमकेतूचं डोकं, आणि दोन्हीकडं शेपट्या, पैलवानाच्या मिशांसारख्या! तिनं दिलेल्या चित्रात डावीकडं सूर्य होता, शेपटी उजवीकडं. पण कारखान्यातल्या तेलुगू नरसय्यामामांनी जन्मभर चादरी विणलेल्या. चादरीची नक्षी निम्मीच काढायची, उरलेली मागावर आपोआप उलटी उतरते. सवयीनं उजवीकडच्या निम्म्यावरच हात चालला आणि सूर्यच गेला.

ऋतुजा सांगोल्याकडच्या मेंढपाळाची लेक. "शेपटीचा तारा बघू नगं, मेंढरं दगावत्यात," असं आई तानाबाई बजावायची. लेकीनं नेमका तोच बघितला, त्याच नादानं एमएस्सी केली, आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर अडकून पडली. उद्या कायम जागेसाठी हे कापड टांगून पाठ घेऊन दाखवायचा होता.

"निळा धागा वायूचा, सूर्यापासून सरळ लांब पळणारा. पिवळा धुळीचा, तो वाकतो. आणि लाल—"

"कार्बन डायऑक्साइड. पाठ झालंय मला."

"तो जमिनीवरून दिसतच नाही, मामा! आपल्याच हवेतला तोच वायू आडवा येतो. अंतराळातल्या दुर्बिणीनं टिपलाय. तो तरी नीट विणायचा!"

"नीटच हाय. दोन्हीकडं नीट हाय."

यंत्रमागांच्या खडखडाटात दोघं बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

"परत विणून द्या."

"माग टॉवेलला लागला की. सोमवारनंतर बघू."

"पाठ उद्या आहे!"

"मग डावीकडची शेपटी मागं दुमड, वर कागदाचा सूर्य चिकटव."

"चिकटवाचिकटवीच चाललीय माझी! नोकरी तशी, खोली तशी. एक वस्तू, एकच, धड करून मागितली होती."

मामांचाही पारा चढला. "माझी एक चादर कधी परत आली न्हाय! एवढं बारीक बघतंय कोण? खालनं दिसत न्हाय म्हणतीस, वरनं दिसतंय म्हणतीस. उद्या तुझा पाठ ऐकणाऱ्यातलं वर जाऊन आलंय कोण, सांग की?"

ऋतुजानं कापडाचा बोळा करून काखेत मारला आणि टॉवेलांच्या ढिगांमधून वाट काढत ती कारखान्याबाहेर पडली.