पाठीवरचं पांढरं मलम

भूल देण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. त्यातली पहिली काही वर्षं मी बायकांशी चक्क खोटं बोलत होते. सिझेरियनच्या आधी कमरेखालचा भाग बधिर करायला पाठीच्या कण्यात सुई द्यावी लागते. ती देताना मी म्हणायची, "कुछ नहीं अम्मा, चिऊंटी काटे सरीखा लगेगा." ही मुंगी मला माझ्या वरिष्ठांनी दिली होती आणि मी ती पुढे वाटत होते. मग माझंच सिझेरियन झालं. पाठीत सुई गेली तेव्हा त्या मुंगीवाल्याच्या कानाखाली द्यावी असं मला मनापासून वाटलं.

तेव्हापासून मुंगी बंद. मुख्य सुईच्या आधी कातडी बधिर करायला एक छोटं इंजेक्शन देतात. ते देतात, पण औषध चढायच्या आत मोठी सुई खुपसतात. तेल तापायच्या आत पुऱ्या सोडण्यातलाच हा प्रकार. मी थांबायला लागले. जास्त घाबरलेल्या बाईला तासभर आधी पाठीवर बधिर करणारं मलम लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवायला लागले. आमच्या नारायणगुड्याच्या प्रसूतिगृहातल्या सर्जनबाई हातमोजे चढवून उभ्या राहायच्या आणि तेलुगूत विचारायच्या, "इंका एंतसेपु?" अजून किती वेळ, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की माझं तेच नाव पडायचं तेवढं बाकी होतं.

अशात ती आली. अफझलगंजमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानदाराची बायको, सासरचं घर मूळ भालकीकडचं, मराठी शेतकऱ्याचं. दुसरं बाळंतपण, सिझेरियन ठरलेलं. पहिल्या वेळी दुसऱ्या एका दवाखान्यात पाठीला सुई लागताच ती उडाली होती. तीनदा टोचलं, तीनदा उडाली. शेवटी पूर्ण बेशुद्ध करून मुलगा काढला. ती शुद्धीवर आली तेव्हा पोर पाजून, पुसून, आजीच्या मांडीवर झोपलं होतं.

"त्याचं पहिलं रडणं सगळ्यांनी ऐकलं मॅडम, मला सोडून," ती म्हणाली. "आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून त्या रडण्याची नक्कल करून दाखवतात, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. सगळे हसतात. मीपण हसते." एवढं बोलून ती रडायला लागली. "या वेळी मला ऐकायचंय. पण ती सुई नक्को. मी उडणारच."

"सुई मी देणार, आणि तुम्हाला उडू देणार नाही," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं आणि घरी जाईपर्यंत मला घाम फुटला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टरने मलम लावलं, पट्टी चिकटवली. अर्ध्या तासाने मी वॉर्डात डोकावले तर सासूबाई सुनेच्या मागे मांडी घालून बसलेल्या. पट्टी सोलून काढलेली, आणि दोन्ही हातांनी पाठीला जोरदार मालिश चाललेलं.

"एवढं चांगलं मलम," त्या मलाच सांगायला लागल्या, "आन् नुसतं थापून वर पिलास्टिक लावलंय. चोळल्याबिगर लागंल का ते?"

माझं डोकंच फिरलं. "आजी, ते कंबरदुखीचं नाही! सुई टोचताना दुखू नये म्हणून ठेवलं होतं. सगळं पुसून टाकलंत तुम्ही!"

म्हातारी एवढीशी झाली. सुनेचा चेहरा तर पाहवेना. "राहू द्या मॅडम," ती हळूच म्हणाली, "बेहोशच करा मला."

तेवढ्यात सासूबाई स्वतःच्या बोटाकडे टक लावून पाहायला लागल्या. आदल्या दिवशी विळीवर कापलेलं बोट. "बाई," त्या म्हणाल्या, "कालधरनं ठणकायलं होतं हे. आता काईच कळंना गेलंय."

सून वळली. सासूचा हात हातात घेतला आणि त्या बोटाला चिमटा काढला. चिमटा जरा मनापासूनच काढला असावा.

"दुखायलंय का?"

"न्हाई गं!"

"आता?"

"अगं न्हाई म्हणते ना!"

सून मला म्हणाली, "मॅडम, मला परत लावा. तास लागला तरी चालेल."

मी सर्जनबाईंकडे गेले, दुसरी केस आधी घ्या म्हटलं. त्या रागावल्या, मी त्यांच्याहून जास्त रागावले, आणि त्यांनी दुसरी केस आधी घेतली. सिस्टरने पुन्हा मलम लावून पट्टी चिकटवली, आणि तो तासभर सासूबाई सुनेच्या पाठीमागे पहाऱ्याला बसल्या. ब्लडप्रेशर बघायला आलेल्या सिस्टरलाही त्यांनी आधी हात दाखवायला लावले.

टेबलावर ती उशी कवटाळून, पाठ वाकवून बसली. मी छोटं इंजेक्शन अगदी सावकाश दिलं. मग थांबले. सर्जनबाई म्हणाल्या, "इंका..." आणि माझं तोंड बघून गप्प झाल्या. पूर्ण दोन मिनिटं गेल्यावर मी सुई घातली. ती हलली नाही. सुईतून कण्यातल्या पाण्याचे स्वच्छ थेंब आले, म्हणजे नेम बरोबर लागला होता. औषध सोडून मी सुई काढून घेतली.

"मॅडम, टोचताना आधी सांगा हं," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली.

"टोचून झालं."

त्या क्षणी मला तिथेच फुगडी घालावीशी वाटली. सर्जनबाई शेजारी नसत्या तर घातलीही असती.

थोड्या वेळाने मुलगी झाली, आणि अशी काही भोकाड पसरून रडली की सगळ्यांचं बोलणं थांबलं. मी आईकडे पाहिलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि ती कान देऊन ऐकत होती, एकही सूर निसटू नये म्हणून.

ट्रॉली बाहेर आली तशी सासूबाई धावत आल्या. आतले दोन दरवाजे बंद असल्याने त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. "रडली का गं पोर? कशी रडली?"

तिने सासूचं ते कापलेलं बोट धरलं, छातीत श्वास भरून घेतला, आणि भर व्हरांड्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर, तिने आपल्या लेकीची नक्कल करून दाखवली.