आठ वर्षं पाठमोरी

मावशींचं डोकं सकाळपासून फिरलेलं. चित्रकलेच्या कॉलेजात त्या आठ वर्षं मॉडेल म्हणून बसत होत्या, अंगावर कपडा न ठेवता. घरी लेकीला मात्र सांगितलेलं, तिथे झाडलोट करते. आणि आज ही बया रजा काढून दारात उभी: "आई, तुमच्या कॉलेजचं प्रदर्शन बघायचंच!"

"काय बघायचंय त्यात? नुसते रंग फासलेत."

पण ऐकेल तर शपथ!

तशा मावशी काही कच्च्या नव्हत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सरांना ठणकावलं होतं, तोंड दाखवणार नाही, पाठमोरी बसेन. मग काय, आठ वर्षं समोर भिंतीचे पोपडे! गुडघे आखडायचे, पायाला मुंग्या यायच्या, आणि वर या पोरांची अक्कल! एकाने कंबर पिंपाएवढी काढली, एकीने पाठीला कणाच ठेवला नाही. चहाच्या सुट्टीत गाऊन गुंडाळून मावशी कागद बघायच्या आणि करवादायच्या, "अरे, माणूस काढलाय की उशी?" या चित्रांवरून आपल्याला कोण ओळखतंय, एवढाच आज धीर होता.

हॉलमध्ये लेक एकेका चित्रापुढे रेंगाळत होती. मावशी मागून ढकलत होत्या, "चल ना बाई, पाय दुखतात माझे." शेवटच्या भिंतीवर स्टुलावर बसलेली एक बाई होती. पाठमोरी. मान आत ओढलेली, डावा खांदा कानापर्यंत चढलेला. वर्गातल्या एका किडकिडीत पोरीचं काम. चित्र काढताना मेली सहा दिवस एक अक्षर बोलली नव्हती. लेक तिथे थांबली ती हलेचना.

"आई, ही तू आहेस."

"वेड लागलंय का?" मावशी खेकसल्या. "तोंड दिसतंय का कुठे? अंगावर चिंधी नाही तिच्या! आईबद्दल असं बोलतात?"

"कपड्यांचं राहू दे गं." लेकीने चित्रातल्या चढलेल्या खांद्याकडे बोट केलं. "जिन्यावर बाबांची पावलं वाजली की तू अश्शी व्हायचीस. ओट्याकडे तोंड करून उभी राहायचीस, मला दिसू नये म्हणून."

मावशींना भयंकर राग आला. त्या पोरीचा, तिच्या ब्रशचा, स्वतःच्या खांद्याचा. एवढी वर्षं तोंड जिवापाड झाकलं, आणि उघडं पडलं ते भलतंच.

"तुला कळत होतं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"पाच वर्षांची होते, आई. आंधळी नव्हते."