जिन्याखालची खोली

जव्हारला आमच्या भाड्याच्या बिल्डिंगची देखभाल ज्याच्याकडे आहे, तो माणूस कधीच चिडत नाही. मला त्याचीच भीती वाटते. मालक नाशिकला असतो, फोन उचलत नाही. नळ गळो की छत झिरपो, सांगायचं यालाच. तो कानावर खोचलेली पेन्सिल चाचपतो आणि म्हणतो, "काय नाय होत, मॅडम. शेटला सांगलंय."

पावसाळ्यात जिन्याखालच्या तुळईला तडा गेला. याने भाताच्या खळीने त्यावर कागदाची पट्टी चिकटवली. "कागद फाटला तं समजायचं, तडा वाढला." आठ दिवसांत कागद फाटला. त्याने शांतपणे दुसरा लावला. तोही फाटला, तर तिसरा. जणू कागद शाबूत म्हणजे बिल्डिंग शाबूत! शाळेतून येताना मी आधी तो कागद बघते आणि मगच लेकीचा हात धरून जिना चढते.

तो स्वतः त्या जिन्याखालच्या खोलीतच राहायचा, एवढाच काय तो धीर होता. काल रविवारी दुपारी तो आपली खाट आणि नागलीचं पोतं अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेताना दिसला.

"का हो, खोली सोडली?"

"ओल येते, मॅडम," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

मी खोलीत डोकावले. भिंती कोरड्या ठाक होत्या. तुळईवरचा कागद फाटला होता आणि या वेळी त्याने नवा लावला नव्हता.

तेवढ्यात वरून लेकीने विचारलं, "आई, मी खाली येऊ?"

मला हो म्हणवेना, नको म्हणवेना.