उदगीरच्या आडतीवरची अमेरिका

अमेरिकेला मी कधी गेलो नाही, पण तिथले किस्से माझ्याकडे इतके साचलेत की ठेवायला जागा नाही. सकाळी किल्ल्यापर्यंत फिरून आलं की आम्ही तिघं उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात शिवलिंगअप्पांच्या आडतीवर चहाला टेकतो. तिघांचंही कुणी ना कुणी तिकडे आहे. अप्पांचा मुलगा वीरेश, कांबळे सरांचा मुलगा आणि माझी मुलगी. तुरीचा भाव फुटायच्या आधी आमच्याकडे तिकडची खबर फुटते!

अप्पा म्हणजे अमेरिकेचे वकीलच. वीरेशला परत यायचंय, मुलीला इकडच्या शाळेत घालू म्हणतो. अप्पा फोनवर एकच ऐकवतात, "सोन्यासारखी शाळा सोडून हितं काय करतोस? येऊ नको." मग वीरेशची आई, पार्वतीकाकू, दिवसभर त्यांच्याशी बोलत नाहीत.

*

कांबळे सर मूळचे नायगावचे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण शाळेच्या संस्थेत अजून आहेत. मुलाकडे गेले तेव्हा कुंपणापलीकडे शेजारी भेटला. रामराम झाला, नावगाव झालं. मग सरांनी आपल्याकडचा पुढचा प्रश्न टाकला, "यंदा मत कुणाला?"

शेजारी घरात गेला तो सरांचा मुक्काम संपेपर्यंत अंगणात दिसला नाही. मुलानं कपाळाला हात लावला. "बाबा, इथं यावरून सख्खे भाऊ सणाला एका टेबलावर बसत नाहीत."

"आमच्या नायगावात दोन भाऊ दोन पॅनलला उभे राहतात," सर आम्हाला सांगत होते, "आणि आई दोघांना एकाच ताटात वाढते."

अप्पांनी बशीतला चहा संपवला. "ते असू द्या सर. पर शाळा बघा तिथली."

*

त्याच मुक्कामातली गोष्ट. सर सवयीनं पहाटे फिरायला निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुठं माणूस दिसतो का म्हणून ते एकेका अंगणात डोकावत चालले. थोड्या वेळात पोलिसांची गाडी येऊन उभी! एक अनोळखी माणूस चालतोय, असा कुणीतरी फोन केला होता.

"कुठं चाललात?" पोलिसानं विचारलं.

"कुठंच नाही," सरांनी खरं ते सांगितलं. तेवढ्यावर पोलिसाचा संशय पक्का झाला आणि मुलाला झोपेतून उठून यावं लागलं. हा किस्सा सर हसत सांगतात, पण त्यानंतर परतेपर्यंत ते एकटे फिरायला गेले नाहीत.

"चुकून होतंय," अप्पा म्हणाले. "पर शाळा लई भारी."

*

माझी मुलगी बर्फावरून घसरली आणि पाय मोडला. लोक धावले, कुणीतरी अँब्युलन्सला फोन लावायला लागलं, तर ही आडवी पडल्या पडल्या ओरडली, "अँब्युलन्स नको! टॅक्सी बोलवा!" पायापेक्षा बिलाची धास्ती मोठी. मोडका पाय सीटवर आडवा टाकून ती टॅक्सीनं दवाखान्यात गेली.

हे सांगताना मी हसलो खरा, पण मनातून फार राग आला होता. पोरगी माझी आहे.

अप्पांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "दवाखान्याचं जाऊ द्या. पर शाळा..." सरांनी आणि मी हात जोडले.

*

यंदा जूनमध्ये वीरेश मुलीला घेऊन सुट्टीला आला. गौरी सहा-सात वर्षांची, मराठी चुरूचुरू बोलते. दोनच दिवसांत मोंढ्यातली पोरं तिची झाली आणि आडतीत लपाछपी सुरू झाली.

एका सकाळी सगळी पोरं सापडली, पण गौरी आणि शेजारची लहानगी सना सापडेनात. आम्ही चहा टाकून उठलो. रस्त्यावर ट्रक, आत छताला लागलेल्या पोत्यांच्या थप्प्या. अप्पा हाका मारत होते, "गौरी, ये गं बाळा, डाव संपला. मी आजोबा हाय." पार्वतीकाकू रडायला लागल्या. वीरेश मात्र मागच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे सरळ चालत गेला.

थप्पीच्या मागं दोघी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. गौरीचा तळहात सनाच्या तोंडावर होता.

अप्पा खालीच बसले. "मी कवापासून हाका मारायलोय. ऐकू येईना का गं?"

"आलं ना," गौरी म्हणाली. "पण शाळेत शिकवलंय, हाक मारली तरी यायचं नाही. बंदूकवाला माणूस पण गोड बोलतो. ओळखीचा आवाज आला तरी गप्प बसायचं." मग खुशीत म्हणाली, "आमच्या वर्गात मीच सगळ्यात छान लपते, आजोबा. मी खोकत पण नाही. सना रडत होती, तिला पण मी शिकवलं."

दुसऱ्या दिवशी चहा आला. अप्पांच्या कपावर साय धरली तरी त्यांनी तो उचलला नाही. सरांनी मुद्दाम पावसाचं काढलं, मी तुरीचं काढलं.

कप बाजूला सारून अप्पा म्हणाले, "सर, तुमच्या शाळेत दुसरीला जागा हाय का?"