आप्पा पोतदार आणि लाल झाकणाची बाटली

आप्पा पोतदार घरात आले की आधी खिडक्या बघायचे, मग माणसं. मी पहिल्यांदा साउथहॅम्प्टनला त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा जुई कडेवर, दुसऱ्या हातात बॅग, नवरा मागं टॅक्सीवाल्याशी बोलतोय, तर आप्पा या म्हणाले नाहीत की बसा म्हणाले नाहीत, मला दंडाला धरून आत घेतलं, दार लावलं, दाराच्या फटीला जुन्या टॉवेलाची गुंडाळी सारली आणि मग म्हणाले, "बाळाला वारा लागेल." आणि हसले. पुढचे दोन दात नव्हते. मी गावाहून आलेली, विमानात रडून रडून डोळे सुजलेले, आणि त्या एका वाक्यानं मला वाटलं की इथं राहता येईल.

आप्पा कराडच्या सोनार आळीतले, माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे. तरुणपणी इकडे आले, बंदरातल्या ऑफिसात नोकरी केली, रिटायर झाले, काकू कॅन्सरनं गेल्या, मूलबाळ नाही. आमचे हे मेडनहेडला एका हॉटेलात कुक, हॉटेलच्या वरच्याच खोल्यांत सगळे कुक झोपायचे, तिथं बायको-पोर चालत नव्हतं. म्हणून आप्पांनी आम्हाला वरची खोली दिली. हे फक्त सोमवारी यायचे. बाकीचे दिवस मी, जुई आणि आप्पा.

मला सगळ्याची भीती वाटायची. बसची वाटायची, फोन वाजला की वाटायची, दारावर पोस्टमन आला तरी मी जुईला घेऊन जिन्यात बसायचे. व्हिसा वाढवायला आमचे पासपोर्ट क्रॉयडनच्या सरकारी ऑफिसात गेलेले होते आणि ह्यांनी बजावलं होतं की ते परत येईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, कुणी काही विचारलं तर नो इंग्लिश म्हणायचं. आप्पा ह्यांच्यावर चिडायचे. "अरे, तिला चोरासारखं काय ठेवतोस? तिनं काय केलंय?" पण मला तेच बरं वाटायचं.

आणि घरात वाऱ्याच्या झुळकीला घाबरणारा हा माणूस नदीत गुडघाभर पाण्यात दिवस दिवस उभा राहायचा. सोनं शोधायला. इथं त्याचा क्लब असतो. हौशी लोकांचा, सगळे म्हातारे-म्हाताऱ्या. थंडीत महिन्यातून एकदा पबच्या मागच्या खोलीत जमायचे, प्लास्टिकच्या टबात पाणी आणि वाळू घेऊन तव्यासारख्या पसरट पॅनमध्ये वाळू धुवायची प्रॅक्टिस करायचे. वाळूत कुणीतरी सोन्याचे कण आधीच टाकून ठेवलेले असायचे, कोण सगळे शोधून काढतो आणि कोण हरवतो अशी शर्यत. उन्हाळा आला की मिनीबस करून वेल्सला, जुन्या खाणीखालच्या नदीवर. मिळायचं ते एवढंसं, डोळ्यात गेलं तर कळणार नाही इतकं. ते विकायचे नाहीत. छोट्या काचेच्या बाटलीत घालून एकमेकांना दाखवायचे.

एकदा मला नेलं. मी काठावर जुईला पोटाशी धरून बसले, पाण्याचा आवाज एवढा की मला वाटत होतं आत्ता हातातून ओढून नेईल. आप्पा पाण्यात वाकलेले, पॅन गोल गोल हलवत. बेरिल नावाची बाई क्लबची सगळी व्यवस्था बघायची, आधी शाळेत मुलांना जेवण वाढायची, अंगानं जाडजूड, आवाज मोठा. ती ओरडली, "मिस्टर पी, कम आउट, युवर लेग्ज आर ब्लू."

"माय लेग्ज, माय प्रॉब्लेम, मॅडम," आप्पा म्हणाले.

"घरात तीन स्वेटर घालून बसतो आणि इथं बघा," असं ती मला इंग्रजीत म्हणाली आणि हातानं स्वेटर घातल्याची नक्कल केली, म्हणून मला कळलं. मी हसले. इकडं आल्यावर परक्या माणसापुढं पहिल्यांदा हसले.

आप्पांनी मला पण पॅन धरायला लावला. मी घाईघाईनं वाळू सांडून टाकत होते. ते म्हणाले, "अगं, हळू. घाई वाळूला असते. सोनं आळशी असतं, जड असतं, एकदा तळाला बसलं की उठायचं नाव घेत नाही. तू नुसतं हलवत राहा, जायचं ते आपोआप जाईल." मग पॅनच्या कडेला एक पिवळा कण दिसला, आणि त्याच्या शेजारी एक पांढरा, चांदीसारखा.

"हे पण सोनंच," आप्पा म्हणाले. "पारा प्यायलेलं."

मग बेरिलनं सांगितलं आणि आप्पांनी मला मराठीत सांगितलं. वर डोंगरात पडक्या भिंती दिसत होत्या, तिथं पूर्वी गिरणी होती, खाणीतला दगड कुटून पाऱ्यावरून वाहवायचे, पारा सोन्याला धरून ठेवतो. खाण बंद पडली, माणसं गेली, पण सांडलेला पारा नदीत उतरला तो अजून दगडांच्या फटीत बसलाय. क्लबचा नियम होता. पिवळं सोनं पांढऱ्या झाकणाच्या बाटलीत, ते आपलं. पांढरं झालेलं सोनं आणि पाऱ्याचे थेंब लाल झाकणाच्या बाटलीत, ते बेरिलकडे द्यायचं, घरी न्यायचं नाही, आणि आगीवर तर कधीच नाही. बेरिलनं माझ्याकडे बघून, जुईकडे बोट करून, दोनदा सांगितलं. "मर्क्युरी. नो फायर. नेव्हर." ती लाल बाटल्या एका ओळखीच्या लॅबमध्ये पाठवायची.

आप्पांनी आपली लाल बाटली कधी दिली नाही. बेरिल मागायची आणि आप्पा विसरलो, विसरलो करायचे. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर लोणच्याच्या बरणीमागं होती, मी पाहिली होती, अंगठ्याएवढी, पण हातात घेतली की हात खाली जायचा इतकी जड.

"मी सोनाराचा पोरगा," ते म्हणायचे. "माझे वडील रोज सोन्यातला पारा तापवून उडवायचे. म्हातारे होऊन गेले. हिला काय माहीत?"

जुईचा पहिला वाढदिवस जवळ आला तसं त्यांनी ठरवलं की तिचे कान टोचायचे आणि बाळ्या त्यांच्या सोन्याच्या. माझं सोनं इकडं येण्यात गेलं होतं, गळ्यात काळे मणी तेवढे राहिले होते, ते त्यांना दिसत होतं पण त्यांनी कधी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "नदीचं सोनं कुणाच्या अंगावरून उतरवलेलं नसतं, वैशाली. पोरीला पहिलं सोनं असं घालावं." पण पिवळं पुरत नव्हतं. एक बाळी झाली असती, दोन नाही.

थंडीचे दिवस होते. जुईला सर्दी झाली होती, रात्रभर शिंकत होती. सकाळी आप्पा म्हणाले, तिला क्लिनिकमध्ये वजनाला घेऊन जा, येताना लायब्ररीत ऊब असते तिथं बस जरा. मला बसची भीती, पण त्यांनी स्वतः जुईला टोपी घातली, तिच्यावर मफलर गुंडाळला, आम्हाला स्टॉपपर्यंत सोडलं. मला तेव्हाच नवल वाटलं होतं.

परत आले तर घर तापलेलं. खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्राच्या पट्ट्या कोंबलेल्या. आप्पा गॅसपाशी, हातात लोखंडी पळी, तोंड लालबुंद.

"दार लाव आधी. आता बघ." पळीच्या तळाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळा थेंब होता. "सकाळी पांढरं होतं. आता दोन्ही बाळ्यांपुरतं झालं."

मी म्हटलं, "आप्पा, बेरिल म्हणाली होती ना, आगीवर नाही म्हणून."

"बेरिलच्या बापानं सोनं गाळलंय का कधी? बटाटे वाढायची ती."

"खिडकी तरी उघडायची."

"आणि सर्दी झालेल्या लेकराला गार घरात आणायचं?" ते खरंच चिडले. मग जुईच्या कानाच्या पाळीला हात लावून म्हणाले, "बघा बाई, आप्पांनी काय केलंय."

संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. ताप, कोरडा खोकला. चहा घेतला आणि थुंकले, म्हणाले तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं लागतंय. फ्लू झालाय, झोपतो. दुसऱ्या दिवशी उठून बसले तरी धाप लागत होती. जिना चढेनात. तिसऱ्या दिवशी ओठ निळे दिसले तेव्हा मी अँब्युलन्ससाठी नऊ-नऊ-नऊ लावला, आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत फोन, पत्ता सांगताना मला लघवीला लागल्यासारखं झालं. अँब्युलन्समध्ये जुई मांडीवर, ती पण कुरकुर करत होती, दूध पीत नव्हती.

हॉस्पिटलमध्ये त्यांना मास्क लावला. डॉक्टर म्हणाले चेस्ट इन्फेक्शन, त्याची औषधं सुरू केली. मी बाहेर जाऊन ह्यांना फोन केला आणि पळी, पारा सगळं सांगितलं. हे म्हणाले, "वैशाली, तू गप्प बस. घर तपासायला माणसं येतील, बाळाला विषाच्या घरात ठेवलं म्हणतील. इथं पोरं काढून घेतात, माहितीये ना? पासपोर्ट येऊ देत. मी येतो."

मी आत येऊन आप्पांपाशी बसले. मी म्हटलं, "आप्पा, यांना सांगू का?"

त्यांनी मान हलवली. मास्क बाजूला करून म्हणाले, "नको. तुझे पासपोर्ट येऊ देत. मी होतो बरा." मग थोडा दम खाऊन म्हणाले, "वडिलांची भट्टी पडवीत होती गं. चारी बाजूंनी वारा वाहायचा. मला आज आठवतंय."

ते जुईकडे बघत होते. तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

"ही खाते का?"

"कालपासून नाही. खोकते पण."

आप्पांनी मास्क ओढून काढला. मशीन वाजायला लागलं. नर्स धावत आली, त्यांना झोपवायला लागली, आणि ते तिचा हात ढकलत, श्वास मिळत नसताना, बोलत होते, "बेबी, बेबी, मर्क्युरी," पण आवाज फुटत नव्हता, ती नुसतं "रिलॅक्स, डार्लिंग" म्हणत मास्क परत लावत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं. मला कधी तसं बघितलं नव्हतं त्यांनी.

मी उभी राहिले. माझा आवाज वॉर्डभर गेला असेल. "ओल्ड मॅन बर्न मर्क्युरी. गोल्ड, फ्रॉम रिव्हर. किचन. विंडो क्लोज्ड. माय बेबी, सेम हाउस. प्लीज. माय बेबी." आणि मग मी खालीच बसले.

मग सगळं एकदम झालं. जुईला तिथूनच मुलांच्या वॉर्डात नेलं, तिचं रक्त घेतलं, लघवी घेतली, मी प्रत्येक सुईला तिला घट्ट धरत होते की आता ही नर्स तिला माझ्याकडून काढून नेईल. कुणी नेलं नाही. नाव विचारलं, पत्ता विचारला, मी सगळं सांगितलं. व्हिसाचं कुणी विचारलंच नाही. जुईच्या अंगात थोडा पारा गेला होता. डॉक्टरीण म्हणाली औषध नको, बाहेर पडेल, पण लक्ष ठेवावं लागेल.

आप्पांना वेगळं औषध सुरू केलं, नंतर व्हेंटिलेटरवर घातलं. फुप्फुसं जळल्यासारखी झाली होती. त्याआधी त्यांना मी जुईचा रिपोर्ट सांगितला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बोटानं खुणावलं, तिला टोपी घाल. मी घातली. पुढं त्यांनी डोळे उघडले नाहीत. आठवडाभरानं गेले.

घरी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची माणसं आली, पांढरे पोशाख, तोंडावर मास्क, हातात पारा शोधायचं मशीन घेऊन एकेक खोली हुंगत गेली. गालिचा गुंडाळून नेला, पडदे नेले, जुईचा पाळणा नेला, तिची मऊ खेळणी नेली. बेरिल माझ्याबरोबर रस्त्यावर उभी होती, तिनं जुईला आपल्या कोटात घेतलं होतं. त्यांनी पळी आणली तेव्हा ती त्यांना म्हणाली, त्यात सोनं आहे, या बाळाचं आहे. त्या माणसानं नाही अशी मान हलवली. पळी थेंबासकट एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि गालिच्यावर टाकली. बेरिल रडत रडत म्हणाली, "सिली ओल्ड मॅन. मी किती वेळा मागितली ती बाटली त्याच्याकडे." मग त्या माणसांनी आत जाऊन सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, वरच्या, खालच्या, आप्पांच्या खोलीतल्यासुद्धा, आणि बाहेर बर्फ पडायला लागला होता, तो आत जाताना दिसत होता.

पासपोर्ट आले, शिक्के मारून. आम्ही आता मेडनहेडला असतो, भाड्याच्या एका खोलीत, तिघं. जुई चालते, बोलते, जरा अडखळून पडली तरी मी बघत राहते, ही साधी पडली की पाऱ्यामुळं, कळत नाही, कधी कळेल तेही कुणी सांगत नाही. तिचे कान अजून टोचले नाहीत. रात्री मी खिडकी उघडी ठेवते, थंडीतसुद्धा. हे ओरडतात, पोरीला वारा लागेल म्हणतात. मी तिला अजून एक पांघरूण घालते, टोपी घालते, आणि खिडकी तशीच ठेवते.