आवडल्या गाडीकडे पाठ

आमच्या घराण्यात खरेदीचा एकच नियम आहे. जी वस्तू आवडली, तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं. नियम वडिलांचा. बैलबाजारात ते मनात भरलेल्या गोऱ्ह्याकडे चुकूनही पाहत नसत. शेजारच्या मरतुकड्या बैलाचे दात तपासत बसायचे, आणि निघता निघता सहज आठवल्यासारखं विचारायचे, "अन् हा कितीले?" गोऱ्हा स्वस्तात घरी यायचा. मी बैल कधी घेतले नाहीत, पण नियम वारशानं घेतला. कूलर, कपाट, सोफा, सगळं पाठ करूनच घेतलं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी पूर्ण वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो, असं सासरचे लोक अजून सांगतात.

त्याच नियमापायी माझी गाडी गेली आणि साडभाऊच्या दारात जाऊन उभी राहिली.

साडभाऊ म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहतो अकोल्यात. वयानं माझ्याहून लहान, डोक्यावरचे केस शाबूत, कोणावर चिडत नाही. खरं म्हणजे जळायला एवढं पुरेसं होतं.

आमची सासुरवाडी अकोटची. अमरावतीहून अकोटला जायचं म्हटलं की बायको आदल्या रात्रीच पर्समध्ये लिंबू टाकते. तिला बस लागते. परतवाड्यापर्यंत लिंबू हुंगते, अंजनगाव आलं की पिशवी काढते, आणि माहेरच्या दारात पोचते ती पिळून वाळत घातलेल्या ओढणीसारखी. आई जेवायला वाढते आणि ही आडवी होते. म्हणून तिची एकच मागणी होती.

"मले आपल्या गाडीत समोर बसून, काच खाली करून मायच्या दारात उतराचं हाय. एकडाव. बाकी मी तुमाले काई मागत नाई."

नवी गाडी आवाक्याबाहेरची. म्हणून सेकंडहॅण्ड शोधत होतो. अचलपूरला एका निवृत्त गृहस्थांची आहे असं कळलं आणि मी एकटाच पाहून आलो. लहानशी, सिल्वर रंगाची, जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेली. चादर निघाली आणि मनात म्हटलं, हीच! लगेच मी पाठ केली. अंगणात पेरूचं झाड होतं, त्याच्याकडे तोंड करून भाव विचारला.

मग दोष काढायला लागलो. रंग उडाला, क्लच जड आहे, टायर संपत आले. गृहस्थ नुसते "कालच धुतली" एवढंच म्हणाले. त्यांच्या बायकोनं गिअरच्या मुठीसाठी लोकरीची टोपी विणली होती, लाल आणि पिवळी. मी म्हटलं, "हे काय, गिअरले माकडटोपी?" बाई आत निघून गेल्या. त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत, चहाही आला नाही. भाव मात्र थोडा उतरला. मी मनात वडिलांना नमस्कार केला आणि "पाहू" म्हणून निघालो. कारण नियमाचा दुसरा भाग असा, की आठवडाभर तिकडे फिरकायचं नाही. मालक कंटाळून स्वतःच फोन करतो.

फोन आला, पण साडभाऊचा. अचलपूरच्या गाडीची गोष्ट बायकोनं बहिणीला सांगितली होती.

"भाऊ, ते गाडी तुमी घेऊन राहिले का? तुमाले घ्याची असन तं मी नाई जात. नाई तं पाहून येतो म्हन्तो."

आता इथं सरळ माणसानं काय म्हणावं? पण मी विचार केला, ह्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला गाडी आवडली हे त्या मालकाच्या कानावर गेलं, तर उतरलेला भाव पुन्हा चढायचा. म्हणून मी फोनवरसुद्धा पाठ केली.

"छ्या! तो डबा? तुले पाह्याचा असन तं पाह्य जा."

बायको कणकेच्या हातानं दारात आली. "काहून असं सांगतलं?"

"तुले भावातलं काई समजते का?"

दोन दिवसांनी कुटुंबाच्या ग्रूपवर फोटो आला. सिल्वर गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि काचेतून दिसणारी लाल-पिवळी टोपी.

त्यानं घेतली ती मी उतरवलेल्या भावापेक्षाही कमी भावात! सगळी हकिगत मेहुणीनं बायकोला फोनवर सांगितली, आणि बायकोनं मुद्दाम स्पीकर चालू ठेवला.

"अवं ताई, यायनं कुठं घासाघीस केली! बॉनेटवर हात ठेवला अन् म्हने, भल्ली मस्त ठेवली काका तुमी. काकूले इचारलं, टोपी कशी इणली. त्या मानसानं जेवू घालूनच धाडलं. भाव बी त्यायनंच कमी केला अन् नवी स्टेपनी देली. म्हने, अमरावतीचा एक मानूस आल्ता, त्याले गाडी पसंतच नोती, पेरूच्या झाडाकडंच पाह्यत होता."

बायको माझ्याकडे पाहत होती. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथं पेरूचं झाड नव्हतं, एवढीच देवाची कृपा.

त्यानंतर मला साडभाऊच्या गाडीच्या तब्येतीची फार काळजी वाटायला लागली. मी स्वतः फोन करायचो. "ॲव्हरेज कसा देऊन राहिली? उन्हात गरम नाई होत? क्लचचं काम निघालं असन." तो म्हणायचा, "नाई भाऊ, झकास!" पेट्रोल महागलं की मला बरं वाटायचं. माझी दुचाकीही पेट्रोलवरच चालते, हे नंतर आठवायचं.

भाऊबीजेला आम्ही एसटीनं अकोटला पोचलो, तेव्हा ती गाडी सासूबाईंच्या दारात उभी होती. बायको पिशवी मुठीत धरून तिच्या बाजूनं आत गेली. गाडी या दारी पहिल्यांदा आलेली, त्यामुळे पूजा व्हायची होती. सासूबाई म्हणाल्या, "मोठे जवाई असताना दुसऱ्यानं कशी कराची? पूजा तुमच्याच हातानं."

मी माझ्या गाडीच्या बॉनेटवर त्याच्यासाठी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्याच्या चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ एकाच फटक्यात फुटला. साडभाऊ कौतुकानं म्हणाला, "भाऊच्या हातात ताकद हाय!" ताकद कुठून आली, ते मला ठाऊक.

मग त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. "चालवा तुमी. ताईले समोर बसवा, एक चक्कर मारून आना."

मी बायकोकडे पाहिलं. वाटलं, चला, कशी का होईना, हौस फिटेल. तिनं मागचं दार उघडलं आणि आईच्या शेजारी बसली.

"समोर मी आपल्याच गाडीत बसीन," ती म्हणाली.

चक्कर मारताना तो क्लच पायाखाली लोण्यासारखा दबत होता. इतका हलका क्लच मी आयुष्यात पाहिला नव्हता.

परतीच्या बसमध्ये लिंबू नाकाशी धरूनच तिनं मला बजावलं, "आता गाडी पाहाले मी येतो संगं. तुमी फक्त मुकाट उभं राहाचं. गाडीकडं तोंड करून."

आणि आली. अमरावतीतच, कॅम्प भागात एका बाईंची गाडी होती, लहानशी, निळी. हिनं पाहिली न पाहिली तोच "माय वं, किती छान!" म्हणून दार उघडून समोर जाऊन बसलीसुद्धा. मी गाडीकडे तोंड करून, जमेल तेवढा हसत उभा. पण या बाई म्हणजे अचलपूरच्या काकू नव्हत्या. "आवडली ना? मग झालं तर," म्हणाल्या, आणि भावातला एक पैसा सोडला नाही. साडभाऊपेक्षा चांगलीच महाग पडली. मी तोंड उघडायला गेलो, तर काच खाली आली आणि आतून बायकोनं नुसतं पाहिलं. मी मिटलं.

संक्रांतीला अकोटला निघालो. काच अमरावतीपासून खाली. परतवाडा गेलं, अंजनगाव गेलं, लिंबू पर्समध्येच राहिलं. माहेरच्या गल्लीत शिरताना हुकूम सुटला, "हळू घ्या. आखीन हळू." पायी जाणारे लोक आमच्या पुढं निघून गेले. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मयमय नाई झाली? उलटी बी नाई?"

"काई नाई झालं, माय. भूक लागली." आणि ती ताठ चालत आत गेली.

साडभाऊ आधीच आलेला होता. तो बाहेर आला, गाडीभोवती एक फेरी मारली. मी त्याच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसलो होतो. इतके महिने मी जे सोसलं, त्यातलं चिमूटभर तरी तिथं उमटावं. भुवई हलावी, निदान भाव विचारावा.

त्यानं बॉनेटवर हात ठेवला. "भल्ली मस्त हाय भाऊ! रंग तं आमच्या गाडीपेक्षा झकास." चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. इतके पैसे मोजले, आणि माणसाला साधी जळजळ होऊ नये? तेवढ्यात माझं तोंड आपोआप उघडलं.

"काय मस्त? क्लच जड हाय, अन् टायर तं..."

"ऐकून राहिली मी!" आतून बायकोचा आवाज आला. तोंडात घास होता, तरी शब्द स्पष्ट होते.